योग चालू ठेवू की पिलाटीज लावू?

घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरांखाली हल्ली पिलाटीजचे स्टुडिओ दिसायला लागलेत. काचेतून सरकत्या पाटाची, स्प्रिंगांची यंत्रं रांगेनं मांडलेली दिसतात, आणि ओळखीतली कोणी ना कोणी विचारतेच, "योग सोडून हे लावू का गं?" मी योग बरीच वर्षं करतेय, पिलाटीज त्या मानानं अलीकडे. तेव्हा माझा कल कुठे आहे हे आधीच सांगून टाकते: दोन्हींत निवड करायची तर पद्धतीच्या आधी बॅचमध्ये माणसं किती आहेत ते बघा.

पिलाटीज हे योगाचंच फॅशनेबल रूप आहे, असा समज ठाण्यात घरोघरी आहे. तसं नाही. जोसेफ पिलाटीज हा 1883 साली जन्मलेला जर्मन माणूस. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला शत्रुदेशाचा नागरिक म्हणून छावणीत डांबलं होतं. 1920च्या दशकात तो न्यूयॉर्कला गेला, आणि दुखावलेले नर्तक-नर्तिका त्याच्याकडे यायला लागले. आपल्या पद्धतीला तो 'कंट्रोलॉजी' म्हणायचा. यात मोक्ष, ध्यान वगैरे काही नाही. शरीर आपल्या ताब्यात हवं, एवढंच.

आसनात आपण स्थिरावतो. 'स्थिरसुखमासनम्' हे पतंजलीचं सूत्र कुठल्याही योगवर्गात कानावर पडतं. पिलाटीजमध्ये थांबणं जवळजवळ नाहीच. हालचाल चालू राहते, फक्त ती मोजून आणि आवरून करायची. 'हंड्रेड' हा प्रकार घ्या, बहुतेक ठिकाणी सुरुवातीलाच शिकवतात. उताणं पडायचं, डोकं आणि खांदे उचलायचे, पाय गुडघ्यात काटकोनात वर धरायचे (सराव झाला की सरळ, साधारण 45 अंशांत) आणि ताठ हात पाण्यावर चापट्या माराव्यात तसे अंगालगत वर-खाली करायचे. पाच ठोके श्वास आत, पाच ठोके बाहेर. असे दहा श्वास झाले की शंभर. नौकासन सहज जमणाऱ्याला यात काय विशेष, असं वाटतं. पण अर्ध्यावर येईतो मान भरून येते आणि टीचर बोटानं बरगडीला स्पर्श करून सांगते, "मानेनं ओढू नका, ह्या खाली आणा." त्या एका सूचनेनंतर खालचं पोट असं काही कामाला लागतं की दुसऱ्या दिवशी शिंकतानासुद्धा जाणवतं.

योग करणाऱ्यांची खरी पंचाईत श्वासात होते. आपल्याला पोट फुगवून, नाकानं सावकाश श्वास घ्यायची सवय. इथे पोट आत धरून बरगड्या बाजूला फुलवायच्या आणि श्वास तोंडानं सोडायचा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण सुरुवातीला डोकं गोंधळतं. दोन्ही एकदमच सुरू करायचं असेल तर निदान एकाच दिवशी नको.

आता त्या यंत्राविषयी, म्हणजे रिफॉर्मरविषयी. त्याच्या स्प्रिंगा कमी केल्या की व्यायाम सोपा होणार, असं नवख्याला वाटतं. पायानं पाट ढकलायचा असेल तर ते खरंही आहे. पण पाटावर हात-पाय टेकवून तोल धरायचा असेल, तर कमी स्प्रिंगांवर पाट खालून पळायला बघतो आणि पोट-पाठीला दुप्पट राबावं लागतं. गुडघा किंवा खांदा दुखावलेल्या माणसाला यंत्राचा आधार खरोखर उपयोगी पडतो. धडधाकट माणसानं मात्र आधी चटईवरचं पिलाटीज करावं. त्यालाच जास्त अक्कल लागते, आणि रील त्याचं कोणी काढत नाही, म्हणून ते मागे पडलंय.

पैशात तर तुलनाच नको. रिफॉर्मरच्या एका सेशनला जे मोजावं लागतं, तेवढ्यात बऱ्याच ठिकाणी योगवर्गाचा महिना निघतो. त्यातून ठाणं म्हणजे योगाचं गाव. घंटाळी मित्र मंडळ काय, अंबिका योग कुटीर काय, इथे पिढ्यान् पिढ्या लोक आसनं शिकलेत. अशा ठिकाणी क्रमानं शिकवतात, घाई करत नाहीत.

माझी तक्रार आहे ती सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये भरणाऱ्या मोठ्या वर्गांबद्दल. समोर शिक्षिका, मागे चटयांची दाटी, आणि शेवटच्या रांगेतल्या काकू पश्चिमोत्तानासनात कंबरेतून वाकण्याऐवजी पाठीला कुबड काढून अंगठे ओढतायत. त्यांना कोणी अडवत नाही, कारण त्या कोणाला दिसतच नाहीत. पिलाटीजची बॅच बहुधा लहान असते, म्हणून चुका तिथल्या तिथे सापडतात. "पिलाटीजनं माझी कंबर बरी झाली" असं सांगणाऱ्यांच्या अनुभवात या नजरेचा वाटा किती, हे ज्यानं-त्यानं तपासावं. जुनाट कंबरदुखीवर 'कोक्रेन' या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेनं दोन्ही पद्धतींच्या चाचण्यांचे आढावे घेतलेत, पिलाटीजचा 2015 मध्ये आणि योगाचा 2017 मध्ये. काहीच न करण्यापेक्षा दोन्ही बरे; इतर व्यायामांपेक्षा सरस असल्याचा ठोस पुरावा एकाचाही नाही.

तरी कोणी कुठे जावं, हे सांगता येतं. दिवसभर खुर्चीत, वर लोकलमध्ये उभं राहून कंबर धरते आणि पोटात ताकद नाही, अशांनी काही महिने पिलाटीज करून बघावं. झोप लागत नाही, डोकं थाऱ्यावर नाही, चिडचिड होते, अशांनी योगच करावा. प्राणायाम आणि शवासनाला पिलाटीजमध्ये जोड नाही. साठीपुढच्यांनी आधी हाडांची घनता तपासून घ्यावी. हाडं ठिसूळ असतील तर हंड्रेड, रोल-अप यांसारखे पाठ गोल करणारे प्रकार टाळावेत, आणि तोच नियम योगातल्या खोल पुढे-वाकण्यालाही लागू. काचबिंदू असेल तर शीर्षासन, सर्वांगासन नकोच. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू मधोमध फाकलेले असतील तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. दोन्हीकडची पोटाची कामं त्यानंतर.

ट्रायल क्लासला जाल तेव्हा टीचरचं शिक्षण विचारायला लाजू नका. योगशिक्षकांचा प्रचलित प्राथमिक कोर्स 200 तासांचा असतो, पिलाटीजचा यंत्रांसकट पूर्ण कोर्स साधारण 450 तासांचा. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेवर स्टुडिओ थाटलेलेही सापडतात. बॅचमध्ये जास्तीत जास्त किती जण घेता, चुकलेलं सेशन पुढे ढकलता येतं का, पॅकेजची मुदत किती, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. आणि रिफॉर्मरला बहुतेक ठिकाणी तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे लागतात. ते काउंटरवर घेण्याऐवजी आधीच ऑनलाइन मागवलेले स्वस्त पडतात.