सर्व्हर 'हॅक' झाला सांगून ६०,५०० रुपये उकळले

पहिल्यांदा ३८,५००, दुसऱ्यांदा २२,०००. एकूण ६०,५०० रुपये, आणि तेही ज्याने डल्ला मारला त्यालाच! सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे. ऑर्डरी, पार्ट्यांची येणी, सगळं एका लिनक्स सर्व्हरवर (लिनक्स म्हणजे कुठल्या एका कंपनीची नसलेली ऑपरेटिंग सिस्टिम). तो बसवून देणाऱ्याने मेंटेनन्सचे वर्षाला १४,००० चे ३०,००० मागितले, मी नाही म्हणालो. त्यानंतरच ऑर्डरी गायब व्हायला लागल्या.

बोलावल्यावर त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, 'फेल्ड पासवर्ड फॉर रूट'च्या ओळीच ओळी. रूट म्हणजे सर्व्हरचा सर्वाधिकारी युजर. "मालक, बाहेरून हल्ला चाललाय." अहो, इंटरनेटला उघड्या कुठल्याही सर्व्हरवर अशा ओळी ढिगाने पडतात, बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, दारं ठोठावत फिरतच असतात. आत कोण शिरलं ते 'ॲक्सेप्टेड'च्या ओळीत दिसतं. तशी एक ओळ मध्येच आली, रात्री २:१३ ची. मी विचारलंसुद्धा, "हे काय?" "ते सिस्टिमचं असतं," म्हणत त्याने स्क्रीन भर्रकन खाली ओढली. तिथेच त्याचा हात धरायला हवा होता! पण माल डिस्पॅचला अडकलेला, पार्टीचे फोनवर फोन. आणि टॉवेलवाल्यानेच लॉग वाचायचा तर यांना पैसे कशाला मोजायचे?

दुसऱ्या एका मुलाकडून पासवर्ड बदलून घेतला. उपयोग शून्य. शेवटी गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या भाच्याने रूटची 'ऑथराइज्ड कीज' फाइल उघडली, कोणाच्या डिजिटल किल्लीला (की) आत सोडायचं त्याची यादी. त्यात सर्व्हर बसवणाऱ्याची की, ओळीच्या शेवटी याच्याच लॅपटॉपचं नाव. की असली की पासवर्ड कोण विचारतो? माणूस काढलात की ती फाइल आधी तपासा, प्रत्येक युजरची. क्रॉनटॅबही बघा, ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी असते ती.

पोलीस ठाण्यात म्हणे, "पैसे तुम्हीच राजीखुशीने दिलेत, हा दिवाणी मामला." आयटी कायद्याचं कलम ६६ दाखवलं तर दुसरीकडे पाठवलं. तिथून पत्र आणायला पुन्हा पहिल्या ठिकाणी. एकाने तर 'लिनक्स' कंपनीचा पत्ता लिहायला सांगितला! तोवर उबंटूने, म्हणजे सर्व्हरवरच्या लिनक्सने, जुने लॉग उडवले, मुळात साधारण चार आठवड्यांचेच ठेवतो तो. आता साहेब विचारतात, पुरावा कुठाय?

म्हणून अर्ज लिहिण्याआधी ऑथ लॉग, म्हणजे लॉगिनच्या नोंदींची फाइल, दुसऱ्या मशीनवर उतरवा. रोज आपोआप तिकडे जात राहिला तर उत्तमच, कारण रूट मिळालेला माणूस इथला लॉग पुसूही शकतो. रूटचं थेट लॉगिन बंद करा, पासवर्डने शिरणंही बंद.

दोन्ही वेळा त्याने डेटा तासाभरात परत आणला होता. आणणारच, एकुलता एक बॅकअप त्याच्याच घरी! तुमचा कोणाकडे आहे?