रियाधमधील प्रोजेक्ट मॅनेजरची नोकरी आणि माझे १,९१,७५० रुपये

रियाधमधील एका मोठ्या बांधकाम प्रकल्पावर प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून नेमणूक करतो असे सांगून २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माझ्याकडून चार वेळा मिळून १,९१,७५० रुपये उकळण्यात आले. सोळा वर्षे प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून काम केलेल्या माणसाने हे लिहिणे लाजिरवाणे आहे. तरीही सिव्हिल आणि डिझाइनमधील ओळखीचे अनेक जण अशाच जाहिरातींना अर्ज करत असल्याचे दिसते, म्हणून लिहितो आहे.

मी हावरटपणाने फसलो, असे कोणी म्हणू नये. पुण्यातील निवासी प्रकल्प संपल्यावर मे महिन्यात आमच्या विभागातील चौघांना कमी करण्यात आले होते आणि घराचे हप्ते चालू होते. रियाधला २०३० चे जागतिक प्रदर्शन व्हायचे आहे, सौदी अरेबियाला २०३४ ची फुटबॉल विश्वचषक स्पर्धा मिळाली आहे, तेव्हा तिथे प्रोजेक्ट मॅनेजर लागत असणार हे उघड होते. महिना १८,००० रियाल हा पगारही अविश्वसनीय नव्हता. व्हिडिओवर झालेल्या मुलाखतीत दोघांनी पाऊण तास बेसलाइन शेड्यूल, मुदतवाढीचे दावे आणि फिडिक करारातील (आंतरराष्ट्रीय बांधकामात वापरला जाणारा करारनामा) नोटिशीची मुदत यांविषयी इतके नेमके प्रश्न विचारले, की इथल्या खऱ्या कंपन्यांच्या मुलाखतींतही मला तसे प्रश्न क्वचितच आले आहेत. समोरच्याला आपले काम कळते, एवढ्यावर मी त्याला प्रामाणिक समजलो.

नेमणूकपत्रानंतर मागण्या सुरू झाल्या. वैद्यकीय तपासणीची वेळ घेण्यासाठी ८,८५० रुपये, पदवी प्रमाणपत्राच्या साक्षांकनासाठी २३,६००, तेथील अभियंता परिषदेच्या नोंदणीसाठी ४१,३०० आणि शेवटी ‘परतावायोग्य व्हिसा अनामत’ म्हणून १,१८,०००. प्रत्येक रकमेत अठरा टक्के जीएसटी वेगळा दाखवलेला असे आणि पावतीही येत असे. सौदीत काम करण्यासाठी अभियंत्याला परिषदेची नोंदणी खरोखरच लागते, वैद्यकीय तपासणीही लागते. खोट्या मागण्या खऱ्या अटींच्या आडून आल्या, म्हणून संशय आला नाही. आखाती देशांसाठीच्या तपासणीची वेळ उमेदवाराला ‘वाफिद’ या वैद्यकीय तपासणीच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः घेता येते, मध्यस्थाला त्यासाठी एक रुपयाही देऊ नका.

चौथी रक्कम पत्नीच्या बांगड्या गहाण ठेवून उभी केली. पैसे पाठवताना खातेदार म्हणून कोणत्या तरी ट्रेडर्सचे नाव दिसले, तेव्हा ती म्हणाली, “अहो, कंपनीचं नाव का नाही येत?” त्यांचा भारतातील एजंट असेल, असे मी तिला ठामपणे सांगितले. माझे ते वाक्य अजूनही मला झोपू देत नाही.

पण खरी खूण त्याआधीच माझ्या हातात होती. नेमणूकपत्रावर रुजू होण्याची तारीख १४ नोव्हेंबर २०२५ होती आणि त्या दिवशी शुक्रवार होता. सौदी अरेबियात शुक्रवार हा साप्ताहिक सुट्टीचा दिवस. प्रायमाव्हेरा या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्पाचे कॅलेंडर लावणे, कोणता वार कामाचा आणि कोणता सुट्टीचा हे ठरवणे, हाच माझा इतक्या वर्षांचा धंदा. एका आखाती निविदेसाठी शुक्रवारची सुट्टी मी स्वतःच्या हाताने भरलेली आहे. ती तारीख मी वाचली, पत्नीला दाखवली, मोबाइलमध्ये नोंदवलीसुद्धा, आणि वार कोणता ते पाहिले नाही. दुसऱ्याच्या शेड्यूलमधील अशी चूक मी एका मिनिटात पकडली असती.

विमानभाडे आणि विम्यासाठी ६४,९०० रुपयांची पाचवी मागणी आली, तेव्हा कुठे मी, जिच्या नावाने नेमणूकपत्र आले होते त्या मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरील पत्त्यावर ईमेल पाठवला. असे कोणतेही पद नाही आणि तुम्हाला ज्यावरून पत्रे आली तो ईमेलचा पत्ताही आमचा नाही, असे दुसऱ्या दिवशी उत्तर आले. कंपनीच्या नावापुढे आडवी रेघ आणि ‘करिअर्स’ एवढाच फरक होता. ही चौकशी पहिला रुपया देण्याआधी करा.

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्यानुसार परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी, म्हणजे ३५,४०० पेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर त्याचे नाव तपासता येते. हे संकेतस्थळ मला माहीत होते. दहावी झालेल्यांना उत्प्रवासन परवान्याची गरज नसते, तेव्हा ही व्यवस्था मजुरांसाठी आहे, इंजिनिअरला तिचे काय काम, अशी माझी समजूत होती. शिवाय सौदी कामगार कायद्यानुसार भरतीचा, इकाम्याचा (तेथील निवास परवान्याचा) आणि कामाच्या परवान्याचा खर्च मालकाने करायचा असतो. तुमच्याकडे व्हिसाची अनामत मागितली गेली, तर बोलणे तिथेच थांबवा.

कंपनीचे उत्तर आले त्याच रात्री १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण शेवटची रक्कम पाठवून चार दिवस उलटले होते आणि १२,४०० रुपयेच गोठवता आले. त्यानंतर जे सुरू झाले, त्याचा संताप फसवणाऱ्यांवरील संतापापेक्षा कमी नाही. पोलीस ठाण्यात सांगितले की हे सायबर शाखेचे काम. सायबर शाखेने सांगितले की एवढ्या रकमेसाठी स्थानिक ठाण्यातच जा. ठाण्यात परत गेलो तर खाते परराज्यातील असल्याने हद्दीचा प्रश्न निघाला. गुन्हा कोणत्याही हद्दीतील असला तरी नोंदवून घेण्याची तरतूद नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हे मी छापील प्रत दाखवून सांगितले, तेव्हा “एवढे शिकलेले तुम्ही, पैसे तर स्वतःच पाठवलेत ना?” असे उत्तर मिळाले. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मिळवायला तीन फेऱ्या झाल्या. बँक म्हणते, व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केला असल्याने आमची जबाबदारी नाही. गोठवलेल्या रकमेसाठी न्यायालयाचा आदेश आणा म्हणतात, वकील त्यासाठी गुन्ह्याची प्रत मागतो, आणि गुन्हा अद्याप नोंदवलेला नाही. शिकलेल्या माणसाची फसवणूक ही फसवणूक नसते, असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे?

मागच्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. या वेळी पद डिझाइन मॅनेजरचे होते, संपर्क क्रमांक नवा होता, पण कागदपत्रांची यादी त्याच क्रमाने आणि ‘साक्षांकन’ या शब्दातील त्याच चुकीसह छापलेली होती. त्या पानाची प्रत आणि नवा क्रमांक मी माझ्या तक्रारीला जोडला आहे.