पॅलेडियम म्हणून निकेलची तार गळ्यात मारली, जपून रहा

मी देवगडचा, शाळेत सायन्स शिकवायचो, आता रिटायर. 1989 साली फ्लाइशमन आणि पॉन्स या शास्त्रज्ञांनी कोल्ड फ्युजनची, म्हणजे साध्या तापमानाला अणूंची केंद्रकं जोडून ऊर्जा मिळवल्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही प्रयोग झाले, तेव्हापासून हा प्रयोग एकदा स्वतःच्या हाताने करून बघायचा होता. पुढे बहुतेकांनी तो खोटा ठरवला हे माहितीये, तरी मला बघायचा होता.

त्यासाठी पॅलेडियम या महागड्या धातूची तार लागते. व्हॉट्सॲपवर एकाने फोटो पाठवले, 99.9 टक्के शुद्धतेचं सर्टिफिकेट पण पाठवलं, बोलायला एकदम गोड. 1 मिमी जाड, 30 सेमी लांब, 9 हजार रुपये आधी. हापूसच्या पेट्यांचे पैसे नुकतेच आले होते, त्यातले दिले. बिलावर फक्त लांबी होती, वजन नाही. इथेच मला कळायला हवं होतं, अहो सोनंचांदी कोणी फुटावर विकतं का, महाग धातू ग्रॅमवरच जातो.

खऱ्या प्रयोगाला जड पाणी, म्हणजे जड हायड्रोजनचं पाणी लागतं, ते महाग म्हणून आधी साध्या पाण्यावर सेल लावला, म्हणजे पाण्यात तार बुडवून करंट सोडला. पॅलेडियम हायड्रोजन पिऊन घेतो, स्वतःच्या आकारमानाच्या कितीतरी शे पट, म्हणून करंट कमी ठेवला तर सुरुवातीला तारेवर बुडबुडे फार कमी दिसायला हवेत. माझ्या तारेवर पहिल्या सेकंदापासून बुडबुडेच बुडबुडे! दोन दिवस मी करंट कमीजास्त करत बसलो, मग तार धुवून पुसून सोनाराकडे नेली. वजन भरलं 2.1 ग्रॅम. पॅलेडियमची घनता 12, म्हणजे एवढी तार 2.8 ग्रॅम भरायला हवी, 2.1 म्हणजे सरळ निकेलचा हिशोब. सोनाराने लोहचुंबक लावला आणि म्हणाला, "मास्तरांनू, ह्यां चिकटता." पॅलेडियम असा चिकटत नाही.

फोन लागत नाही, नंबर ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार केलीये, पैसे अजून आले नाहीत.

आणि आता कणकवलीच्या माझ्या मित्राला तसेच फोटो, तसंच गोड बोलणं, यावेळी जड पाण्याची बाटली. त्याला सांगितलंय की समोर बसवून 100 मिली मोजून घे आणि काट्यावर ठेव, खरं असेल तर 110 ग्रॅमच्या आसपास भरेल, साधं पाणी 100 वरच थांबतं, आणि तोवर एक रुपया पाठवू नकोस.