'द कलर पर्पल' : १९८५चा बघावा की २०२३चा?

एकाच कादंबरीवरून, एकाच नावाने निघालेले दोन चित्रपट आहेत. दोन्ही अडीच तासांच्या आसपासचे आणि दोन्हींवर जीव टाकणारे प्रेक्षक आहेत. 'कोणता बघू?' असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे : आधी १९८५चा. पण प्रत्येकासाठी हेच उत्तर नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अ‍ॅलिस वॉकर यांची कादंबरी १९८२ची. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला. कादंबरीसाठी हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. गोष्ट अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातली, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. सेली ही कोवळ्या वयाची मुलगी. ज्याला ती बाप समजते त्याच्यापासून तिला दोन मुलं होतात आणि दोन्ही तिच्या कुशीतून काढून नेली जातात. मग तिला एका विधुराच्या गळ्यात बांधलं जातं. त्याला ती फक्त 'मिस्टर' म्हणते. तिचं एकमेव सुख म्हणजे धाकटी बहीण नेटी, तिलाही तो घराबाहेर हाकलतो. सेलीने मन मोकळं करायचं कुणापाशी? ती देवाला पत्रं लिहिते.

कादंबरी उभी आहे ती या पत्रांवर, आणि चित्रपट करणाऱ्यापुढची खरी अडचणही तीच. जी बाई चारचौघांत तोंड उघडत नाही, तिच्या मनात काय चाललंय ते पडद्यावर दाखवायचं कसं? दोन्ही चित्रपटांनी याची उत्तरं अगदी वेगळी शोधली आहेत. तुम्हाला कोणतं उत्तर भावेल, यावर तुमची निवड ठरेल.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९८५मध्ये सगळा भार व्हूपी गोल्डबर्ग यांच्या चेहऱ्यावर टाकला. रंगमंचावर एकपात्री प्रयोग करणाऱ्या या नटीची ही पहिलीच मोठी भूमिका. सेलीला लहानपणापासून ऐकवलेलं असतं की तिचं हसू जगात सगळ्यात कुरूप आहे. त्यामुळे हसू आलं की तिचा हात आपोआप तोंडावर जातो. पुढे शुग एव्हरी ही गायिका, म्हणजे मिस्टरची जुनी प्रेयसी, तिला आरशासमोर उभी करते आणि तो हात बाजूला घेते. हात पुन्हा वर जातो, शुग तो पुन्हा खाली घेते. मग सेली हसते. आधी चाचरत, मग खळखळून, सगळे दात दाखवून. आपल्या चेहऱ्यावर आपलाही हक्क आहे हे एका बाईला कळतं त्या क्षणी संवाद जवळपास नाहीतच. दाढीचा प्रसंगही असाच. नेटीची पत्रं मिस्टरने वर्षानुवर्षं दडवून ठेवली होती हे सेलीला कळलेलं असतं, तिच्या हातात वस्तरा असतो आणि तो मान वर करून बसलेला असतो. आपण श्वास रोखून फक्त तिच्या डोळ्यांकडे बघत राहतो.

या चित्रपटात उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. जांभळ्या फुलांची शेतं, सोनेरी ऊन, क्विन्सी जोन्स यांचं भरभरून वाहणारं संगीत यांमुळे दारिद्र्यसुद्धा कधीकधी देखणं दिसतं. सेली आणि शुग यांचं प्रेम कादंबरीत स्पष्ट आहे, शरीराचंही आहे. इथे ते एका नाजूक चुंबनावर आटोपतं आणि आपण तिथे बिचकलो हे स्पीलबर्ग यांनी नंतर मान्य केलं. कृष्णवर्णीय पुरुषांना केवळ क्रूर दाखवलं म्हणून त्या काळी निदर्शनंही झाली. ऑस्करची ११ नामांकनं मिळाली आणि पुरस्कार एकही नाही. दिग्दर्शनासाठी तर नामांकनसुद्धा नव्हतं.

२०२३चा चित्रपट थेट कादंबरीतून आलेला नाही. २००५मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध नाट्यगृहांच्या भागात, कादंबरीचं संगीत नाटक झालं, त्याचा हा चित्रपट. दिग्दर्शक घानाचे ब्लिट्झ बाझावुले. सेलीच्या मनात काय चाललंय या प्रश्नाला त्यांचं सरळ उत्तर आहे : तिच्या डोक्यात शिरूया. शुग बाथटबमध्ये बसलेली असते आणि ग्रामोफोन वाजत असतो. बघता बघता तो ग्रामोफोन अवाढव्य होतो, तबकडी गरगर फिरू लागते आणि त्या फिरत्या तबकडीवर टबातली शुग आणि तिच्याकडे डोळे लावून बसलेली सेली. घरात मान खाली घालून राबणाऱ्या बाईच्या आत केवढं जग आहे, हे इथे लख्ख दिसतं. फँटेजिया बॅरिनो यांनी सेलीची भूमिका आधी ब्रॉडवेवरही केली होती आणि त्यांच्या आवाजात ती सगळी वर्षं मुरलेली जाणवतात. शुगवरच्या प्रेमाबाबतही हा चित्रपट जुन्यापेक्षा कमी संकोच करतो.

मला खटकतं ते एवढंच की गाणं कधीकधी फार लवकर धावून येतं. दुःख अंगावर येऊन स्थिरावायच्या आत ठेका सुरू होतो. कोवळ्या सेलीची वर्षं आणि घर सुटल्यावरचं नेटीचं आफ्रिकेतलं आयुष्य तर भरभर उरकलं जातं.

सोफियाबद्दल मात्र थांबून लिहायलाच हवं. सोफिया म्हणजे मिस्टरच्या मुलाची, हार्पोची बायको. कुणाचा हात अंगावर पडू न देणारी. महापौराच्या बायकोने 'माझ्याकडे मोलकरीण म्हणून येशील का' असं विचारल्यावर ती साफ नाही म्हणते. त्यावरून हाणामारी होते, ती तुरुंगात जाते आणि शेवटी त्याच बाईच्या घरी राबायची वेळ तिच्यावर येते. १९८५मध्ये ओप्रा विन्फ्रे यांनी ही मोडून पडलेली सोफिया अशी उभी केली आहे की बघवत नाही. नाताळच्या दिवशी मालकीणबाई तिला तिच्या मुलांना भेटायला गाडीतून घेऊन येते. मग गाडी वळवताना मालकीणबाईचीच तारांबळ उडते आणि मुलांना डोळे भरून पाहायच्या आत सोफियाला परत निघावं लागतं. २०२३मध्ये डॅनिएल ब्रूक्स आहेत. 'अजिबात नाही' असं ठणकावणारं त्यांचं गाणं ही या चित्रपटाची सर्वांत जिवंत जागा आहे, म्हणूनच पुढे तुरुंगात तो आवाज बंद पडतो ते जिव्हारी लागतं. ऑस्करचं नामांकन त्यांनाही मिळालं. दोघींत निवड करा म्हणाल तर मी ब्रूक्सच्या बाजूने झुकेन.

मिस्टरच्या बाबतीतही नवा चित्रपट सरस. डॅनी ग्लोव्हर यांचा जुना मिस्टर शेवटी लांबून बघत उभा राहतो. कोलमन डोमिंगो यांच्या मिस्टरला पश्चात्तापाची वाट चालायला अधिक वेळ मिळतो आणि कादंबरीच्या मनात होतं त्याच्या तो जास्त जवळ जातो.

मग मी १९८५चा आधी का म्हणते? जेवणाच्या टेबलावर भांडण होतं, त्यानंतरच्या एका वाक्यासाठी. सेली घर सोडून निघते तेव्हा मिस्टर ओरडतो की तू गरीब आहेस, काळी आहेस, कुरूप आहेस, बाई आहेस, तू काहीच नाहीस. चालत्या गाडीतून ती उत्तर देते : असेन मी गरीब, काळी, कुरूपही असेन, पण देवा, मी आहे. दोन तासांच्या गप्प बसण्यानंतर हे वाक्य येतं, म्हणून ते हादरवतं. २०२३मध्ये 'मी आहे' याचं शेवटाकडे एक संपूर्ण गाणं होतं. उत्तम गाणं आहे, बॅरिनो ते जीव ओतून गातात. पण तोवर आपण या सेलीला मनातल्या मनात कितीदा तरी गाताना ऐकलेलं असतं. जुन्या सेलीचा आवाज आपण तिथे प्रथमच ऐकतो.

आता अपवाद. संगीत नाटकावर वाढलेल्या घरात, आई-मावशी-आजीसोबत बघायचा असेल तर बेलाशक २०२३चा लावा. मध्येच गाणं सुरू झालं म्हणून तिथे कुणी कपाळाला आठ्या घालणार नाही. वाचनगटासाठीही तोच बरा, कारण बोलायला अधिक जागा सोडतो. शाळकरी मुलींना दाखवायचा असेल तर आधी मोठ्यांनी एकदा बघावा. लहान मुलीवरचा लैंगिक अत्याचार दोन्हींत आहे, पण जुन्यातली मारहाण आणि ताटातूट अधिक अंगावर येते. ज्यांनी स्वतः असं काही सोसलंय त्यांनीही नव्यापासून सुरुवात करावी. तिथे एकटं वाटत नाही, आजूबाजूला सतत बाया असतात.

सबटायटल्स दोन्हींना लावाच. ही पुस्तकी इंग्रजी नाही, दक्षिणेतल्या खेड्यातली बोली आहे. शिवाय नव्या चित्रपटात अर्धी गोष्ट गाण्यांच्या शब्दांत आहे. आणि नव्यात सुरुवातीलाच एक सुईण दिसेल, तिच्याकडे नीट बघा. त्या व्हूपी गोल्डबर्ग आहेत. जुना आधी बघितलेला असेल तर त्या क्षणी गळा दाटून येतो.