कॅसेटवाचून अडलेला रोबो : फायबर जोडणी यंत्राच्या नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात पहाटे साडेतीन वाजता आमच्या रोबोटिक पॅच पॅनेलने (फायबरच्या जोडण्या माणसाऐवजी यांत्रिक हाताने एका पोर्टातून दुसऱ्यात हलवणाऱ्या यंत्राने) अकरापैकी सहा जोडण्या पूर्ण केल्या आणि उरलेल्या पाच रांगेत ठेवून काम थांबवले. मोटार बिघडली नव्हती, फायबरही तुटले नव्हते. फेरूलचे, म्हणजे फायबर धरून ठेवणाऱ्या बारीक नळीचे, टोक पुसणारी फीत संपली होती. शेजारच्या कपाटात फेरूल पुसण्याची साधी हातपेने पडून होती, परंतु या यंत्राला उत्पादकाची चिप बसवलेली फितीची कॅसेटच लागते, दुसरी चालत नाही. सेवा केंद्राने "चालू जोडण्या चालू आहेत ना?" एवढे विचारून तक्रारीची तातडी एका पायरीने खाली आणली. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, म्हणूनच ते अधिक झोंबले. प्रकाश सरळ काचेतून जात असल्यामुळे रोबो थांबला, अगदी वीज गेली, तरी जोडलेले जोडलेलेच राहते.

यंत्राबद्दल मूळ तक्रार नाही. हात टोक पकडून बाहेर काढतो, फितीवर दाबून पुसतो, कॅमेऱ्यासमोर धरतो आणि लोंबणाऱ्या शेकडो तंतूंमधून गुंता न करता वाट काढत नव्या पोर्टात बसवतो. याला दीड-दोन मिनिटे लागतात. पूर्वी दोन माणसे दोन रॅकपाशी उभी राहून फोनवर एकमेकांना पोर्टचे क्रमांक ओरडून सांगत असत, आणि तरीही महिन्याकाठी एखादी कॉर्ड भलत्याच पोर्टात जाई. आता नोंदवहीतली जोडणी आणि प्रत्यक्षातली जोडणी एकच असते. एवढ्यासाठीच मी हे यंत्र परत करणार नाही. अर्थात, पॅनेलच्या मागील बाजूच्या केबल अजूनही माणसालाच लावाव्या लागतात, हे विक्रेते जरा हळू आवाजात सांगतात.

प्रश्न फितीचा आहे. दहा मिनिटांपूर्वी पुसलेले टोक पुन्हा हलवले, तरी फीत एक घर पुढे सरकते. सुरुवातीच्या उत्साहात आम्ही चाचणी म्हणून त्याच त्या जोडण्या उलटसुलट करत एक अख्खी कॅसेट संपवली, तिचे बिल पाहिल्यावर मी "कॅमेऱ्याला अस्वच्छ वाटले तरच पुसा" हा पर्याय चालू केला. सेवा अभियंत्याने नाक मुरडले. मी मात्र तीन महिने फीत वाचवल्याच्या समाधानात होतो.

सातव्या महिन्यात ४०० जी (सेकंदाला ४०० गिगाबिट) वेगाच्या एका दुव्यावर त्रुटी वाढू लागल्या. मोजले तेव्हा एरवी ०.३ डीबीच्या (डेसिबल, प्रकाश किती घटला याचे माप) आसपास राहणारा एका जोडणीतला तोटा १.१ डीबी भरला, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून अधिक प्रकाश तिथेच वाया जात होता. डीआर ४ या ४०० जीच्या प्रकारातल्या दुव्याला वाटेत सगळे मिळून ३ डीबीच परवडतात. सूक्ष्मदर्शकाखाली गाभ्याच्या, म्हणजे प्रकाश वाहणाऱ्या मधल्या भागाच्या, कडेला तेलकट डाग दिसला. सिंगल मोड फायबरचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, त्यामुळे कॅमेऱ्याने किरकोळ ठरवलेला ठिपकाही तिथे किरकोळ राहत नाही. शिवाय दोन टोके एकमेकांवर दाबली जातात तेव्हा घाण एकाकडून दुसऱ्याकडे जाते. ते एक टोक चार पोर्टांमध्ये फिरून आले होते, आणि त्या चारही पोर्टांच्या आतल्या बाजू मला मागून केबल काढून हाताने स्वच्छ कराव्या लागल्या. वाचवलेल्या फितीच्या मानाने ती रात्र फार महाग पडली.

तेव्हापासून प्रत्येक वेळी पुसण्याचा पर्याय मी पुन्हा चालू ठेवला आहे. फितीच्या वापरावरचा माझा आक्षेप मागे घेतो, चिपच्या कुलपावरचा घेत नाही. तशीच फीत दुसऱ्याकडून घेऊन भरता आली असती, तर त्या पहाटे पाच जोडण्या अडल्या नसत्या. पडद्यावर फीत ५ टक्क्यांवर आल्यावरच इशारा येतो आणि कॅसेट मागवल्यापासून हाती येईपर्यंत तीन आठवडे जातात. म्हणून मी आता पॅनेलच्या दारावर कागद चिकटवला आहे, आणि दर शिफ्टचा माणूस झालेल्या जोडण्यांच्या रेघा त्यावर पेन्सिलीने ओढतो, म्हणजे फीत किती खर्ची पडली ते इशाऱ्याआधीच कळते.