बॅरिओस: मॉड्युलर नेटवर्क बॅकअप घेताना आधी लायसन्सचं एकक बघा

नेटवर्क बॅकअपच्या कोटेशनमधली पहिली ओळ स्वस्त असते. महाग पडतात त्या खालच्या ओळी. डेटाबेसचा एजंट (त्या यंत्रावर बसून डेटा उचलणारा प्रोग्राम) वेगळा, मेल सर्व्हरचा वेगळा, टेप लायब्ररीतल्या जास्तीच्या ड्राइव्हचं लायसन्स वेगळं, दुसऱ्या साइटवर प्रत पाठवायची तर तेही वेगळं. मॉड्युलर म्हणजे हवं तेवढंच घ्या, हे विकणाऱ्याचं वाक्य. घेणाऱ्याला मात्र आपल्याला नेमकं किती हवं आहे हे सहसा दुसऱ्या वर्षी कळतं.

बॅरिओस या बाबतीत सरळ आहे. बाकुला या जुन्या मुक्त प्रकल्पातून फुटलेलं हे सॉफ्टवेअर २०१३ मध्ये बाहेर आलं. त्याचं लायसन्स एजीपीएल ३, म्हणजे कोड सगळ्यांना खुला ठेवणारं, आहे. स्वतःच्या ऑफिसात वापरायला सर्व्हर, सॉकेट (प्रोसेसरची जागा), टेराबाइट यातलं काहीच मोजावं लागत नाही. पोस्टग्रेएसक्यूएल, मारियाडीबी, एमएस-एसक्यूएल, व्हीएमवेअर यांचे प्लगइन, एनडीएमपी (नेटवर्कवरच्या स्टोरेजचा बॅकअप घ्यायची ठरलेली पद्धत), टेप लायब्ररी, एन्क्रिप्शन सगळं मूळ कोडमध्येच येतं. पैसे लागतात ते सबस्क्रिप्शनला, म्हणजे देखभाल होत असलेल्या स्थिर आवृत्त्यांची तयार पॅकेजेस आणि सपोर्ट यांना. फुकटच्या रिपॉझिटरीत (पॅकेजेसच्या साठ्यात) चालू आवृत्ती मिळते, पण जुन्या आवृत्तीवर राहून फक्त दुरुस्त्या घ्यायची सोय तिथे नाही. ज्या व्यवसायात बॅकअप सर्व्हर वर्षातून एकदाच अपग्रेड करायची परवानगी मिळते, तिथे सबस्क्रिप्शनचे पैसे वाजवी वाटतात.

याची तुलना इतरांच्या मोजपट्ट्यांशी करायची तर आधी आपल्या यंत्रांची यादी हातात हवी. वीम या बॅकअप सॉफ्टवेअरचं युनिव्हर्सल लायसन्स वर्कलोडवर, म्हणजे बॅकअप घ्यायच्या गोष्टींच्या संख्येवर, चालतं: एक व्हीएम (व्हर्च्युअल यंत्र) किंवा एक सर्व्हर म्हणजे एक, तीन वर्कस्टेशन मिळून एक, एनएएसचे (नेटवर्कवरच्या सामायिक स्टोरेजचे) दर ५०० जीबी म्हणजे एक. समजा ४० व्हीएम, ५ फिजिकल सर्व्हर, ३० वर्कस्टेशन आणि ६ टीबीचं एनएएस आहे. हिशोब ४० + ५ + १० + १२, म्हणजे ६७. यात एनएएसचे १२ बहुतेक जण विसरतात, कारण त्यांच्या यादीत ते ‘एक डबा’ म्हणून लिहिलेलं असतं. चाचणीसाठी उभी केलेली व्हीएमसुद्धा एकदा बॅकअपमध्ये आली की ३१ दिवस लायसन्स अडवून ठेवते. घाई असेल तर हाताने सोडवून घ्यावं लागतं. १० वर्कलोडपर्यंतची कम्युनिटी एडिशन फुकट आहे. छोट्या ऑफिसने सुरुवात तिथूनच करावी.

नेटबॅकअप या दुसऱ्या उत्पादनात फ्रंट-एंड टेराबाइटवर, म्हणजे मूळ डेटाच्या आकारावर, लायसन्स घेता येतं. आयबीएमच्या स्टोरेज प्रोटेक्टमध्ये प्रोसेसर व्हॅल्यू युनिट (प्रोसेसरवर मोजलेलं एकक) आणि क्षमता, असे दोन्ही मार्ग आहेत. क्षमतेवर घेताना फ्रंट-एंड की बॅक-एंड (साठवलेल्या बॅकअपचा आकार) हा एक शब्द कोटेशन कितीतरी पट फिरवतो. मूळ डेटा ८ टीबी धरा. आठवड्याला एक फुल (सगळ्याची प्रत), बाकी सहा दिवस इन्क्रिमेंटल (फक्त बदललेलं), रोजचा बदल ३ टक्के, चार आठवडे जपायचं. चार फुलचे ३२ टीबी, चोवीस इन्क्रिमेंटलचे ५.७६ टीबी, एकूण जवळजवळ ३८. नवा फुल पूर्ण होईपर्यंत जुना पुसता येत नाही, म्हणून आणखी ८ मोकळे ठेवा. म्हणजे डिस्क ४६ टीबीची हवी. फ्रंट-एंडच्या मोजणीत हे ८ टीबीच भरतात. बॅक-एंडच्या मोजणीत ३८, आणि मग डीड्यूप (सारखा डेटा एकदाच ठेवणं) आणि कॉम्प्रेशनआधीचे की नंतरचे हा पुढचा प्रश्न. उत्तर लेखी घ्या. फ्रंट-एंडमध्येही एक छुपा खर्च आहे: डेटाबेसचा डंप (फाइलमध्ये काढलेली प्रत) रोज त्याच सर्व्हरच्या डिस्कवर पडत असेल आणि एजंट डेटाबेसही उचलत असेल, तर तोच डेटा दोनदा मोजला जातो. डंपचं फोल्डर वगळा, नाहीतर एजंट काढा.

मोजण्यासाठी बॅरिओसचाच उपयोग होतो, पुढे दुसरं काही घेणार असाल तरी. कन्सोलमध्ये एस्टिमेट कमांडला जॉबचं (ठरवून ठेवलेल्या एका बॅकअपचं) नाव आणि लेव्हल फुल दिली की बॅकअप न घेता फाइलींची संख्या आणि बाइट मिळतात. सगळ्या क्लायंटचे (बॅकअप घ्यायच्या यंत्रांचे) आकडे बेरजेला घ्या. विक्रेत्याच्या फॉर्ममध्ये अंदाजाने भरलेल्या आकड्यापेक्षा ते कितीतरी खरे असतात.

आता खुद्द सॉफ्टवेअर. भाग चार: डिरेक्टर वेळापत्रक चालवतो, प्रत्येक यंत्रावरचा फाइल डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) डेटा वाचतो, स्टोरेज डीमन तो डिस्कवर किंवा टेपवर लिहितो, आणि कॅटलॉग म्हणजे कुठली फाइल कुठल्या व्हॉल्यूमवर (बॅकअपच्या टेपवर किंवा डिस्कवरच्या बॅकअप फाइलमध्ये) आहे याची पोस्टग्रेएसक्यूएलमधली नोंद. आवृत्ती २१ पासून कॅटलॉगला मायएसक्यूएल चालत नाही. जुन्या सिस्टिमवरून येणाऱ्यांनी स्थलांतराचा दिवस वेगळा धरावा. पोर्ट ९१०१, ९१०२, ९१०३, त्याच क्रमाने डिरेक्टर, फाइल डीमन आणि स्टोरेज डीमनचे.

पहिल्या आठवड्यातली बहुतेक डोकेदुखी इथेच होते. डिरेक्टर क्लायंटला ९१०२ वर गाठतो, पण डेटा पाठवायला क्लायंट स्वतःहून स्टोरेज डीमनच्या ९१०३ वर जातो. कुठल्या पत्त्यावर जायचं ते त्याला डिरेक्टरच्या कॉन्फिगरेशनमधून कळतं. तिथे ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे ‘हेच यंत्र’) लिहिलेलं राहिलं की बॅकअप सर्व्हरचा स्वतःचा जॉब मस्त चालतो आणि बाकी प्रत्येक क्लायंट स्वतःच्याच दारावर थाप मारत बसतो. पत्ता असा लिहा की तो प्रत्येक क्लायंटवरून उघडतो, आणि फायरवॉलमध्ये दोन्ही दिशा मोकळ्या ठेवा. दुसरा प्रकार मोठ्या जॉबचा. तासन्‌तास डेटा चालू असताना डिरेक्टर आणि क्लायंटमधलं नियंत्रणाचं कनेक्शन शांत असतं, मधली फायरवॉल ते निष्क्रिय समजून तोडते आणि जॉब शेवटाला येऊन फेल होतो. हार्टबीट इंटरव्हल (कनेक्शन जिवंत असल्याची खूण पाठवण्याचं अंतर) ६० सेकंद ठेवला की हे थांबतं.

याहून वाईट म्हणजे जॉब ‘ओके’ म्हणतो आणि डेटा नसतो. फाइलसेटमध्ये (काय उचलायचं त्या यादीत) ‘वनएफएस’ (एकाच पार्टिशनपुरतं राहायचं) मुळातच चालू असतं. मुळाचा स्लॅश (सगळ्या डिरेक्टरींची सुरुवात) दिला म्हणजे सगळं आलं असं वाटतं, पण होम किंवा डेटाबेसची डिरेक्टरी वेगळ्या पार्टिशनवर माउंट केलेली असेल तर तिच्यात जॉब उतरतच नाही. लॉगमध्ये तसं लिहिलेलं असतं, फक्त ते कुणी वाचत नाही. उपाय दोन: प्रत्येक माउंट पॉइंट फाइलसेटमध्ये वेगळा लिहा, किंवा वनएफएस बंद करून प्रोक, सिस, रन (लिनक्सच्या चालू स्थितीच्या डिरेक्टरी) आणि नेटवर्क माउंट वगळा. पहिला बरा, दुसऱ्यात कुणीतरी पुढे एनएएस माउंट केलं की तेही बॅकअपमध्ये शिरतं.

नोंदी आणि डेटा जपण्याच्या मुदतींच्या बाबतीतही मुळातल्या आकड्यांवर विसंबू नका. फाइलच्या नोंदी ६० दिवस, जॉबच्या १८० दिवस, व्हॉल्यूम ३६५ दिवस असे हे आकडे आहेत. जुन्या नोंदींची छाटणी चालू असेल तर चौथ्या महिन्यात कुणी एकच स्प्रेडशीट परत मागितली की डेटा व्हॉल्यूमवर असतो, पण फाइलींची यादी कॅटलॉगमधून गेलेली असते. मग पूर्ण जॉब रिस्टोर करा, नाहीतर बीस्कॅन या साधनाने व्हॉल्यूम वाचून नोंदी पुन्हा भरा. फाइल रिटेन्शन (फाइलच्या नोंदींची मुदत) वाढवल्यावर कॅटलॉग फुगतो, लाखो फाइलींच्या सर्व्हरवर भराभर फुगतो, म्हणून तो एसएसडीवर ठेवा. डिस्कवर लिहिताना व्हॉल्यूमला कमाल आकार आणि त्यांच्या संख्येला मर्यादा द्या. मर्यादा नसेल तर पुनर्वापर होण्याआधीच डिस्क भरते.

वेगाचं गणित सॉफ्टवेअर बदलून सुटत नाही. एक गिगाबिटच्या लाइनवर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११० एमबी जातात. ८ टीबीचा फुल म्हणजे २० तास. रात्रीची आठ तासांची खिडकी असेल तर एकतर १० गिगाबिट घ्या, नाहीतर ऑल्वेज इन्क्रिमेंटल लावा. त्यात फुल एकदाच जातो आणि पुढची जुळवाजुळव स्टोरेज डीमनवरच होते. त्यासाठी निदान दोन डिव्हाइस लागतात, एक वाचायला आणि एक लिहायला. एकावर लावलं तर ही जुळवाजुळव (कन्सॉलिडेशन) अडकते. शिवाय एकाच वेळी किती जॉब चालतील ते डिरेक्टर, क्लायंट आणि स्टोरेज तिन्हीकडे वेगवेगळं लिहावं लागतं. एका ठिकाणी १ राहिला तरी सगळी रांग लागते.

कमकुवत बाजू स्पष्ट आहे. इन्क्रिमेंटल फाइलच्या पातळीवर होतं. २०० जीबीच्या फाइलमध्ये एक बाइट बदलला तरी रात्री पूर्ण २०० जीबी जातात. व्हीएमच्या इमेज फाइल म्हणून उचलू नका, व्हीएमवेअरचा प्लगइन वापरा; तो बदललेले ब्लॉकच घेतो. क्लायंटवर एन्क्रिप्शन लावलंत तर स्टोरेजच्या डीड्यूपला काही सापडत नाही, यातलं एक सोडावं लागतं. एन्क्रिप्शनची मास्टर की दुसऱ्या जागी ठेवलेली नसेल आणि क्लायंट गेला, तर तो बॅकअप कुणालाही उघडता येत नाही. वेब इंटरफेस जॉब चालवायला आणि रिस्टोर करायला पुरेसा आहे. कॉन्फिगरेशन मात्र मजकुराच्या फाइलींत होतं, आणि त्या फाइलींना न घाबरणारा माणूस ऑफिसात हवाच. नवा क्लायंट जोडायला कन्सोलमधली कॉन्फिगर ॲड कमांड वापरा. क्लायंटकडे ठेवायची पासवर्डसह फाइल ती स्वतः तयार करते.

बॅकअप सर्व्हर ऑफिसच्या डोमेनमध्ये (सामायिक खात्यांच्या व्यवस्थेत) घालू नका, कुठलंही उत्पादन घ्या. डोमेनचा ॲडमिन पासवर्ड गेला की रॅन्समवेअर चालवणारा आधी बॅकअपच पुसतो. कॅटलॉगचा जॉब रोज सगळ्यांच्या शेवटी लावा, बूटस्ट्रॅप फाइल (कॅटलॉग नसताना बॅकअप कुठून वाचायचा ते सांगणारी) दुसऱ्या यंत्रावर पाठवा, आणि रिस्टोरची चाचणी कोऱ्या यंत्रावर घ्या: डिरेक्टर नव्याने बसवा, कॅटलॉग परत भरा, मग एक सर्व्हर उठवा. लिनक्ससाठी, कोरं यंत्र पुन्हा उभं करणाऱ्या रिलॅक्स-अँड-रिकव्हरशी बॅरिओसची जोडणी तयार आहे. विंडोजसाठी आपल्या आवृत्तीत काय मिळतं ते घेण्याआधी तपासा.

लिनक्स सर्व्हर जास्त, डेटा वाढता आणि हाताशी एक जाणता ॲडमिन असेल तर बॅरिओस घ्यावं. बहुतेक सगळं व्हर्च्युअल असेल आणि ऑफिसात पूर्णवेळ ॲडमिन नसेल, तर वर्कलोडवर मोजणारं लायसन्स घेतलेलं परवडतं. बॅरिओसवर वाचवलेले पैसे नाहीतर बाहेरच्या माणसाच्या तासांत जातात. सबस्क्रिप्शन कुणाचंही असो, करारात तीन गोष्टी लेखी मागा: मुदत संपल्यावर रिस्टोर चालतं का, पाच वर्षांपूर्वीची टेप नव्या आवृत्तीत वाचता येते का, आणि कंपनी विकली गेली तर नूतनीकरण जुन्याच एककावर होईल का. तिसरी मागणी हवेतली नाही. व्हेरिटासचा नेटबॅकअपसह डेटा-संरक्षणाचा व्यवसाय डिसेंबर २०२४ मध्ये कोहेसिटीकडे गेला.