कुंडी मोठी करायची की मुळं छाटायची?

घातलेलं पाणी लगेच बुडाच्या भोकातून बाहेर येतं, सकाळी भिजवलेलं झाड दुसऱ्या दिवशी पुन्हा माना टाकतं, नवी पानं आधीपेक्षा लहान निघतात. झाडाला कुंडी पुरत नाहीये हे इथवर बहुतेकांच्या लक्षात येतं. मग मोठी कुंडी आणली जाते आणि विषय संपतो. पण मोठी कुंडी हा एकमेव मार्ग नाही, कित्येकदा तो बरा मार्गही नाही. आधी एवढंच ठरवा, हे झाड तुम्हाला आणखी मोठं व्हायला हवंय का?

त्याच्याही आधी झाड बाहेर काढून बघा. भोकातून एखाददुसरं मूळ डोकावलं म्हणजे कुंडी भरलीच असं नाही. कुंडी आडवी करा, कडेने थोपटा, खोडाच्या बुडाशी धरून झाड अलगद ओढा. माती कमी आणि मुळंच जास्त दिसत असतील, त्यांची गोल गोल वेटोळी झाली असतील, तर वेळ आली आहे. माती सुटून भसाभस सांडत असेल तर झाड परत आत ठेवा. दुखणं दुसरं काहीतरी आहे, बहुधा उजेडाचं किंवा पाण्याचं.

मोठी कुंडी

झाड वाढीच्या वयात आहे आणि त्याच्या वाढीला जागाही आहे, तर मोठी कुंडी द्या. कोवळं रबर प्लांट, मॉन्स्टेरा, नुकताच जोर धरलेला फिलोडेंड्रॉन यांना तेच हवं असतं. प्रश्न किती मोठी एवढाच. आधीच्यापेक्षा १ ते २ इंच जास्त व्यासाची पुरते.

हे कंजूषपणाचं वाटतं, पण जरा हिशेब करा. ६ इंची कुंडीऐवजी त्याच घडणीची ८ इंची घेतली तर आतली माती जवळजवळ २.४ पट होते. १० इंची घेतली तर साडेचार पटींच्याही वर. मुळं तेवढीच असतात, त्यामुळे त्यांच्यापासून दूरच्या मातीतलं पाणी ओढायला कुणी नसतं. ती दिवसचे दिवस चिंब राहते, वाफसा येत नाही, हवा शिरत नाही आणि मूळकूज सुरू होते. कुजलेली मुळं पाणी घेऊ शकत नाहीत, म्हणून पानं लोंबतात, आणि ती तहानलेली समजून आपण आणखी पाणी घालतो. ‘एकदाच काय ती मोठी आणू’ या विचाराने आणलेल्या कुंडीत झाडं मरतात ती अशी.

तळाशी खडीचा थर देऊनही यातून सुटका नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या खडीत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भरेपर्यंत ते तिथेच अडून राहतं. म्हणजे खडीमुळे चिंब थर फक्त वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. बुडाला भोक आणि भुसभुशीत माती एवढं पुरेसं आहे.

वेटोळी झालेली मुळं मात्र बोटांनी सोडवून घ्या. तशीच ठेवली तर नव्या मातीत न शिरता ती जुन्याच चकरा मारत राहतात.

तीच कुंडी, छाटलेली मुळं

झाड हव्या त्या उंचीचं झालंय, कोपरा भरलाय, कुंडी उचलताना कंबर बोलतेय. अशा वेळी माझा कल सरळ छाटणीकडे आहे. मुळांच्या गोळ्याच्या बाजूने आणि बुडाकडून साधारण पाव भाग मुळं धारदार, स्वच्छ सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने काढायची. फार तर एक तृतीयांश, त्यापुढे नाही. मोकळ्या झालेल्या जागेत ताजी माती भरायची आणि झाड त्याच कुंडीत परत लावायचं. बोन्साय वर्षानुवर्षं उथळ ताटलीत जगतात ते याच पद्धतीने. थोडी पानंही कमी केली तर नवी मुळं येईपर्यंत झाडाची ओढाताण होत नाही.

तोटा असा की झाड काही आठवडे रुसतं, एखादं पान पिवळं पडतं. आजारी किंवा अशक्त झाडावर हा प्रयोग नको. पामवर तर नकोच, मुळांना धक्का लागलेला त्याला खपत नाही. आणि छाटणी वाढीचा हंगाम सुरू होतानाच करावी. मोठ्या कुंडीत हलवणं, मुळं फारशी न दुखावता, अडल्या वेळी केव्हाही जमतं. छाटणीला ती सवलत नाही.

फुटवे वेगळे करणं

हा मार्ग सगळ्यांना खुला नाही. एकाच खोडाच्या रबर प्लांटचे दोन भाग होत नाहीत. स्नेक प्लांट, पीस लिली, स्पायडर प्लांट, झीझी यांचे होतात. प्रत्येक भागाला स्वतःची मुळं आणि कोंब हवेत, मग तो भाग त्याच्या मापाच्या लहान कुंडीत लावायचा. पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट असेल तर हाच मार्ग घ्या, कारण पानाच्या तुकड्यापासून केलेलं रोप साधं हिरवं निघतं. अडचण एकच, एकाची चार झाडं होतात आणि चौघांनाही खिडकी लागते.

‘याला दाटीच आवडते’ असं पीस लिली, स्नेक प्लांटबद्दल हमखास ऐकू येतं. दाटी ती सहन करतात, एवढंच खरं. स्नेक प्लांटचे जाडजूड कंद तर प्लॅस्टिकची कुंडी फुगवून तडकवतात. होया मात्र जरा दाटीत बरा फुलतो, त्याला घाईने हलवू नका.

झाड हलवण्यापलीकडे जड असेल तर वरची २-३ इंच माती मुळं जपून खरवडून नवी घाला. वर्षभर निभावतं, दाटी मात्र जात नाही.

कोणताही मार्ग घेतला तरी पहिले ४ ते ६ आठवडे खत नको. पाण्याचं वेळापत्रक मात्र बदलतं. मोठ्या कुंडीत एका वेळी पाणी जास्त लागतं, पण दोन पाण्यांमधले दिवसही वाढतात. छाटलेलं झाड सुरुवातीला पाणी कमीच ओढतं, म्हणून त्याची वरची माती बोटभर सुकल्याशिवाय झारी उचलू नका. त्याच वेळी मातीच्या कुंडीतून प्लॅस्टिकच्या कुंडीत गेलात तर आणखी थांबा, कारण मातीच्या कुंडीच्या भिंतीतूनही पाणी उडत होतं, ते आता उडणार नाही.